आधी आपले गुण, मग सरांचे: वैद्यकीय विद्यार्थ्यांचे स्वमूल्यमापन शिक्षकांच्या मूल्यमापनाशी ताडून पाहण्याची रीत

एमबीबीएसच्या लॉगबुकातील, म्हणजे कौशल्यांच्या नोंदवहीतील, पानावर साधारणपणे ठरावीक रकाने असतात. कौशल्याचा क्रमांक, ते केल्याची तारीख, पहिला प्रयत्न की पुनर्प्रयत्न, काम अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतके की अपेक्षेपेक्षा सरस याचा शेरा, ते पूर्ण झाले की पुन्हा करावे याविषयी शिक्षकांचा निर्णय, शिक्षकांची सही, आणि शेवटी अभिप्राय मिळाल्याची विद्यार्थ्याची सही. आपण केलेल्या कामाविषयी विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटले, हे लिहायला मात्र या पानावर जागा नसते. विद्यार्थी सहीसाठी रांगेत उभा राहतो, शिक्षक शेरा लिहितात आणि पान उलटले जाते. रक्तदाब आपण नीट मोजला असे त्याला वाटत होते की कुठेतरी चुकल्याची शंका होती, आणि त्याचे हे वाटणे शिक्षकांना जे दिसले त्याच्याशी जुळत होते का, हे ना त्याला कळते ना शिक्षकांना.

२०१९ साली प्रवेश घेतलेल्या बॅचपासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पदवीधर डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: चिकित्सक, आरोग्यपथकाचा नेता आणि घटक, संवाद साधणारा, आजन्म शिकणारा आणि व्यवसायनिष्ठा पाळणारा. यांपैकी आजन्म शिकणाऱ्याची भूमिका परीक्षेत तपासता येत नाही. शिक्षक जवळ नसताना आपले कुठे चुकते आहे हे ओळखण्याची सवय ज्याला लागली आहे, त्यालाच ती पेलते. ही सवय लावण्याची जी रीत मला गोव्यात वॉर्डात आणि कौशल्य-प्रयोगशाळेत शिकवताना उपयोगी पडली, ती येथे मांडत आहे. ती विद्यार्थी आणि शिक्षक दोघांसाठी आहे, कारण दोघांपैकी एकट्याला ती पार पाडता येत नाही.

स्वतःच्या अंदाजावर किती भिस्त ठेवावी

प्रथम एक गोष्ट मान्य करावी लागेल. माणसाचा स्वतःच्या कौशल्याविषयीचा ढोबळ अंदाज फारसा भरवशाचा नसतो, आणि डॉक्टरही याला अपवाद नाहीत. डॉक्टरांनी स्वतःचे केलेले मूल्यमापन आणि त्यांच्या कामाचे बाहेरून केलेले मोजमाप यांच्या २० तुलनांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३ तुलनांमध्ये या दोहोंतील संबंध अत्यल्प होता, मुळीच नव्हता किंवा उलटा होता. केवळ ७ तुलनांमध्ये दोन्ही बऱ्यापैकी एका दिशेने जात होती. ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी होते आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वांत जास्त होता, त्यांचा अंदाज सर्वाधिक चुकला होता. त्याआधी, १९९९ साली, क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते, की खालच्या चौथ्या हिश्श्यातील विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरीने १२ व्या शततमकावर (पर्सेंटाइलवर) असताना स्वतःला ६२ व्या शततमकाच्या आसपास समजत होते. यातील काही भाग निव्वळ आकड्यांच्या रचनेतून येतो, हे खरे आहे. जो अगदी तळाशी आहे, त्याचा अंदाज चुकला तर तो वरच्याच दिशेने चुकणार. तरीही वॉर्डात शिकवणाऱ्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

यावरून स्वमूल्यमापन निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. ‘मी हिस्ट्री, म्हणजे रुग्णाच्या आजाराची माहिती, घेण्यात कितपत चांगला आहे?’ हा एक प्रश्न आहे आणि ‘आत्ता या रुग्णाशी बोलताना मला एक शब्द कळला नाही, तेथे मी थांबलो का?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला एकट्याने देता येत नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्याची सवय त्याला लावता येते. मात्र ती लावण्यासाठी सुरुवातीला शेजारी बसून ऐकणारा कोणीतरी लागतो.

याचे एक उदाहरण माझ्या मनात अजून ताजे आहे. महाराष्ट्रातून आलेला, मराठी मातृभाषा असलेला तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी सत्तरी तालुक्यातील एका वयस्क बाईंची हिस्ट्री घेत होता. बाई म्हणाल्या, “तीन दीस जाले, आंग दुखता, रातचो जोर येता.” विद्यार्थ्याने मान डोलावली आणि कागदावर लिहिले: तीन दिवस अंगदुखी, रात्री जास्त. दुखणे रात्री जोर धरते, असा अर्थ त्याने मराठीच्या वळणाने लावला होता. कोंकणीत जोर म्हणजे ताप. बाई रात्री ताप येत असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगत होत्या आणि त्याच्या कागदावर ताप कुठेच नव्हता. ज्या तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, तेथून आलेल्या रुग्णाच्या अंगदुखीबरोबर ताप आहे की नाही, यावर पुढची सगळी दिशा ठरते.

‘रुग्णाचे म्हणणे समजून घेतले’ या निकषाला त्याने स्वतःला पाचपैकी चार गुण दिले होते. मी एक दिला होता. तो खोटे बोलत नव्हता, फाजील आत्मविश्वासाचाही नव्हता. बाई बोलल्या, त्याला शब्द ओळखीचे वाटले, तो कुठेही अडला नाही, म्हणून त्याने चार दिले. चूक त्याला आतून दिसण्याजोगी नव्हती. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, गोव्याच्या बाराही तालुक्यांतून, तसेच सिंधुदुर्गातून आणि कारवारकडूनही रुग्ण येतात, आणि मराठी, मालवणी व कोंकणी या भाषा एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत, की न कळल्याचेही कळत नाही. परकी भाषा असती तर विद्यार्थी थबकला असता. या एका प्रसंगानंतर मी स्वमूल्यमापनाचा कागद आणि शिक्षकांचा कागद शेजारीशेजारी ठेवण्याची रीत नेमाने पाळू लागलो.

काम एकच निवडावे आणि ते डोळ्यांसमोर घडावे

तुलना करायची तर दोघांनी एकाच गोष्टीला गुण दिले पाहिजेत. हे उघड वाटते, पण बहुतेक वेळा घोळ येथेच होतो. १९९० साली जॉर्ज मिलर यांनी वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. विद्यार्थी स्वतःला गुण देताना नकळत दुसऱ्या पायरीवर उभा असतो. ‘कफ (रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा) कसा बांधायचा हे मला येते’, म्हणून पूर्ण गुण. शिक्षक तिसऱ्या पायरीवर पाहत असतात. ‘आज या रुग्णाच्या दंडावर कफ कसा बांधला गेला’, म्हणून अर्धे गुण. दोघेही प्रामाणिक असतात आणि तरीही दोघांच्या आकड्यांत अंतर पडते. म्हणून कागदाच्या माथ्यावर एक वाक्य ठळक लिहावे: ‘मला काय येते हे नव्हे, आज मी काय केले, याला गुण द्यावयाचे आहेत.’

निवडलेले काम नंतरच्या चर्चेसह पंधरा मिनिटांत आटोपणारे आणि प्रत्यक्ष पाहता येणारे असावे. रक्तदाब मोजणे, छातीची तपासणी, एका तक्रारीपुरती हिस्ट्री, इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाला माहिती देणे, अशी कामे चालतात. ‘संपूर्ण केस प्रेझेंट करणे’ सुरुवातीला घेऊ नये. त्यात इतक्या गोष्टी एकत्र येतात, की अंतर कशामुळे पडले ते सापडत नाही.

निकष लिहिताना विशेषणे टाळावीत. ‘रक्तदाब नीट मोजला’ या वाक्यातील ‘नीट’ला विद्यार्थ्याच्या मनात एक अर्थ असतो आणि शिक्षकांच्या मनात दुसरा. त्याऐवजी डोळ्यांना दिसेल असे काम लिहावे. आमच्या रक्तदाबाच्या तक्त्यावर दहा ओळी आहेत: काय करणार ते रुग्णाला सांगून संमती घेतली, पाठीला टेकू देऊन पाच मिनिटे स्वस्थ बसवले, दंड पूर्ण उघडा केला, हात हृदयाच्या पातळीत टेकवला, कफमधील फुगा दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढेल असे माप निवडले, आधी नाडी चाचपून वरच्या दाबाचा अंदाज घेतला, त्या अंदाजाच्या वर २० ते ३० मिलिमीटरपर्यंत हवा भरली, सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने हवा सोडली, ध्वनी सुरू होण्याचा आणि नाहीसा होण्याचा क्षण ओळखला, आणि नोंद जवळच्या २ मिलिमीटरपर्यंत केली. प्रत्येक ओळीला शून्य, एक किंवा दोन गुण. न केल्यास शून्य, अपुरे केल्यास एक, पूर्ण केल्यास दोन, एकूण वीस.

शेवटची ओळ किरकोळ वाटते, पण तिने मला फार काही शिकवले आहे. वॉर्डातील कोणताही जुना तक्ता घेऊन रक्तदाबाच्या नोंदी पाहाव्यात. १३०/८०, १२०/८०, १४०/९०, १३०/८० अशी शून्याने संपणारी रांगच दिसते. उपकरणावर दर दोन मिलिमीटरला रेघ असते, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ आणि ८ यांत साधारण सारखा विभागला जायला हवा. या ओळीला बहुतेक विद्यार्थी स्वतःला दोन गुण देतात, कारण आपण आकडा ऐकून लिहिला असेच त्यांना वाटते. म्हणून या ओळीसाठी दोन जणांना एकाच वेळी ऐकता येईल असा शिकवण्याचा स्टेथोस्कोप वापरावा, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता आपापला आकडा लिहावा. विद्यार्थ्याने १३० आणि शिक्षकांनी १२६ लिहिले असेल, तर पुढे काही समजावण्याची गरज राहत नाही.

गुण कोणी, कधी लिहावेत

काम संपताच, रुग्णापासून दोन पावले बाजूला होऊन, विद्यार्थ्याने आपले गुण पेनाने लिहावेत. पेन्सिल नको, शिक्षकांचा चेहरा पाहून आकडा बदलण्याचा मोह होतो. शिक्षकांनीही त्याच वेळी, विद्यार्थ्याचा कागद न पाहता, आपले गुण लिहावेत. दोन्ही कागद घडी घालून ठेवावेत आणि मगच एकत्र उघडावेत. हा क्रम मोडला, तर बाकी सगळे व्यर्थ जाते. शिक्षकांचा आकडा आधी दिसला, की विद्यार्थी त्याच्याजवळचा आकडा लिहितो. विद्यार्थ्याचा आधी दिसला, की शिक्षकही थोडे तिकडे झुकतात.

प्रत्येक ओळीपुढे गुणांखेरीज आणखी एक खूण विद्यार्थ्याने करावी: खात्री असल्यास बरोबरची खूण, शंका असल्यास प्रश्नचिन्ह. ही खूण मला गुणांपेक्षाही मोलाची वाटते. ज्या ओळीत विद्यार्थ्याने दोन गुण दिले पण प्रश्नचिन्हही केले, तेथे त्याच्या मनात काहीतरी जागे होते. जेथे दोन गुण आणि खात्री, पण शिक्षकांचा शून्य, तेथेच खरी अडचण आहे. चर्चेचा वेळ कमी असेल, तर फक्त अशा ओळी घ्याव्यात.

स्वतः दिलेले गुण अंतर्गत मूल्यमापनात मिळवू नयेत आणि ही गोष्ट बॅचसमोर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी. एका सत्रात मी ही चूक केली. विद्यार्थ्यांनी हे काम मनावर घ्यावे म्हणून मी स्वमूल्यमापनाला पाच गुणांचा वाटा दिला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ प्रत्येकाचा आकडा चार आणि पाच यांच्यामध्ये येऊन थांबला आणि कागदावरची प्रश्नचिन्हे नाहीशी झाली. विद्यार्थ्यांचा यात काही दोष नव्हता. शंका कबूल केल्यास गुण जातील अशी व्यवस्था मीच उभी केली होती. पुढच्या सत्रात तो वाटा काढून टाकल्यावरही जुन्या बॅचचा विश्वास परत यायला बराच काळ लागला.

शिक्षकांची तयारी ही या रीतीची दुसरी बाजू आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. पणजीत १८४२ साली पोर्तुगीज राजवटीत सुरू झालेली वैद्यकशाळाच पुढे, १९६३ मध्ये, गोवा मेडिकल कॉलेज झाली. इतक्या लांब परंपरेत शिक्षकांचा शब्द हाच मापदंड मानण्याची सवय मुरलेली असते. पण तुलनेत शिक्षकांचा आकडा मापदंड म्हणून वापरायचा असेल, तर तो मापदंड आधी तपासला पाहिजे. काही परीक्षक हात राखून गुण देतात, काही सढळ हाताने. सत्र सुरू होण्यापूर्वी दोन शिक्षकांनी एकाच विद्यार्थ्याला, एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि कोणत्या ओळीत का फरक पडला हे बोलून घ्यावे. अशा तीन-चार फेऱ्यांनंतर ‘अपुरे केले’ म्हणजे नेमके काय, यावर बरेच एकमत होते. जी ओळ तरीही जुळत नाही, तिची शब्दरचनाच बदलावी.

एका पूर्वग्रहापासून शिक्षकांनी विशेष जपावे. एका गुणाची झळाळी दुसऱ्यावर पडते. सफाईदार इंग्रजीत केस मांडणाऱ्या विद्यार्थ्याने कफही बरोबरच बांधला असेल, असे पाहणाऱ्याला वाटून जाते. याची उलटी बाजू मी पेडणे, सत्तरी, डिचोली या भागांतून, मराठी प्राथमिक शाळांतून आलेल्या अनेक मुलामुलींमध्ये पाहिली आहे. त्यांचे हात उत्तम चालतात, रुग्णाशी ती घरच्यासारखी बोलतात, पण कागदावर स्वतःला दोनऐवजी एक देतात, कारण नंतर इंग्रजीत विचारले तर सांगता येईल की नाही, ही भीती त्या आकड्यात मिसळलेली असते. तेव्हा स्वमूल्यमापनाचा कागद विद्यार्थ्याला मराठीत, कोंकणीत किंवा इंग्रजीत, जसे सुचेल तसे भरू द्यावा.

दोन कागद समोर ठेवल्यावर

हे संभाषण सात-आठ मिनिटांचे असावे, त्याच दिवशी व्हावे आणि रुग्णाच्या कानांपासून दूर व्हावे. आधी विद्यार्थ्याने बोलावे, मग शिक्षकांनी. १९८४ पासून पेंडलटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीतही हाच क्रम आहे: काय चांगले झाले हे विद्यार्थी सांगतो, मग शिक्षक, काय वेगळे करता येईल हे विद्यार्थी सांगतो, मग शिक्षक. मी तो क्रम थोडा आवळून घेतो. जेथे दोन्ही आकडे जुळतात, त्या ओळींवर विद्यार्थ्याला एका वाक्यात शाबासकी देऊन थेट सर्वांत मोठ्या अंतराच्या ओळीवर जातो.

तेथे मत मांडू नये. जे दिसले ते सांगावे किंवा त्याविषयी विचारावे. ‘तुझे लक्ष नव्हते’ या वाक्याने विद्यार्थी बचावाला उभा राहतो. त्याऐवजी असे बोलणे होऊ शकते.

“दंड उघडा करण्याला तू दोन दिले आहेस, मी एक. बाही कुठे होती?”

“वर सरकवली होती, सर.”

“किती वर?”

“काखेजवळ. शर्ट घट्ट होता म्हणून गुंडाळली.”

“मग त्या गुंडाळीने दंडाला काय केले असेल?”

येथे थोडे थांबावे. विद्यार्थी बहुधा स्वतःच सांगतो, की गुंडाळलेली बाही दंडाला आवळपट्टीसारखी बसली असणार आणि त्यामुळे आकड्याचा भरवसा राहिला नाही. हे उत्तर त्याच्या तोंडून आले, तर पुढच्या रुग्णाच्या वेळी बाही काढली जाते. शिक्षकांच्या तोंडून आले, तर अनेकदा काढली जात नाही.

अंतर का पडले, याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाला उपाय वेगळा लागतो. कधी विद्यार्थ्याला निकषच माहीत नसतो. नाडी चाचपून आधी अंदाज घ्यायचा असतो आणि तो न घेतल्यास मध्येच काही काळ ध्वनी ऐकू न येणाऱ्या रुग्णांमध्ये वरचा दाब चुकीने कमी नोंदला जातो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ही सर्वांत सोपी अडचण आहे. पाच मिनिटांच्या शिकवण्याने ती सुटते. कधी निकष माहीत असतो, पण करताना आपण तो गाळला हे लक्षात आलेले नसते. अशा वेळी पुन्हा समजावून सांगण्यात वेळ घालवू नये. रुग्णाची संमती घेऊन मोबाइलवर फक्त हातांचे चित्रण करावे, ते त्याला दाखवावे आणि लगेच पुसून टाकावे. मी अनेकांचे चेहरे हे चित्रण पाहताना बदललेले पाहिले आहेत. कधी काम उत्तम झालेले असते आणि विद्यार्थीच स्वतःला कमी लेखतो. त्याला ‘तू हुशार आहेस’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही. कोणत्या ओळीत त्याने नेमके काय बरोबर केले, ते ओळीवर बोट ठेवून दाखवावे.

आणि कधी शिक्षकच चुकलेले असतात. एकदा भर पावसाळ्यात, पत्र्यावरच्या सरींच्या आवाजात, मी एका विद्यार्थिनीला नाडी चाचपण्याच्या ओळीत शून्य दिला. तिने दोन दिले होते आणि ती शांतपणे म्हणाली, “मॅडमनी हाक मारली तेव्हा आपण मागे वळला होता, सर, तेव्हाच मी नाडी पाहिली.” रुग्णाला विचारले, तर त्यानेही मनगट पुढे करून तिने बोटे कुठे ठेवली होती ते दाखवले. मी आकडा खोडून दोन केला आणि शेजारी सही केली. अशी दुरुस्ती विद्यार्थ्यांसमोर करायला शिक्षकांनी कचरू नये. तुलना दोन्ही बाजूंनी होते, हे त्यांना पटल्याशिवाय ते आपली प्रश्नचिन्हे दाखवत नाहीत.

आकड्यांकडे पाहताना

सत्राच्या शेवटी अनेक शिक्षकांना संपूर्ण बॅचचे आकडे एकत्र मांडावेसे वाटतात आणि तेथे एक जुनी चूक हमखास होते: दोन्ही गुणांमधला सहसंबंध (दोन्ही आकडे किती एकसारखे वाढतात-घटतात याचे माप) काढून तो जास्त आला, की ‘जुळले’ असे म्हणणे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच विद्यार्थ्यांनी स्वतःला वीसपैकी १४, १५, १६, १७, १८ गुण दिले आणि शिक्षकांनी त्यांनाच अनुक्रमे ११, १२, १३, १४, १५ दिले. येथे सहसंबंध पूर्ण, म्हणजे १ येतो. प्रत्यक्षात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला तीन गुण जास्त दिलेले आहेत. क्रम जुळणे आणि गुण जुळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १९८६ साली ब्लँड आणि आल्टमन यांनी वैद्यकीय मोजमापांच्या बाबतीत हाच मुद्दा मांडून फरकांकडे पाहण्याची सोपी पद्धत दिली. प्रत्येकाच्या दोन गुणांतील फरक काढावा आणि तो दोन्ही गुणांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडावा.

नुसत्या फरकांची सरासरीही फसवते. पाच जणांचे फरक +४, −४, +३, −३ आणि ० असतील, तर सरासरी शून्य येते आणि बॅचचा अंदाज अचूक असल्याचा भास होतो. अधिक-उणे चिन्हे बाजूला ठेवून सरासरी काढली, तर ती २.८ येते, म्हणजे एकेकाचा अंदाज जवळजवळ तीन गुणांनी चुकलेला आहे. दोन्ही सरासऱ्या लिहाव्यात. पहिली सांगते की बॅच एकूण कोणत्या बाजूला झुकली आहे. दुसरी सांगते की प्रत्येकाचा अंदाज किती दूर आहे.

तरीही बॅचच्या आकड्यांत मी फार वेळ घालवत नाही. एकाच विद्यार्थ्याचे चार-पाच कागद तारखेनुसार शेजारी ठेवले, की जे दिसते ते बॅचच्या आलेखात दिसत नाही. येथे एक सावधगिरी हवी. एका कामातील अंदाज चांगला असला म्हणून दुसऱ्यातही तो चांगला असेल असे नाही. रक्तदाबात अचूक असलेला विद्यार्थी पोटाच्या तपासणीत स्वतःला भलतेच जास्त गुण देऊ शकतो. म्हणून ‘याला स्वतःची पारख आहे’ किंवा ‘नाही’ असा शिक्का दोन कागदांवरून मारू नये. वेगवेगळी कामे, वेगवेगळे रुग्ण आणि शक्य तर वेगवेगळे शिक्षक असे निदान सहा-सात कागद झाल्यावरच काही बोलावे.

वेळ कसा काढायचा, हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. वीस जणांच्या बॅचला प्रत्येकी पंधरा मिनिटे म्हणजे पाच तास. एका दिवसात हे अशक्य आहे आणि तसा प्रयत्नही करू नये. रोज चार विद्यार्थी घेतले, तर रोजचा एक तास आणि आठवड्यातील पाच दिवस पुरतात. ओपीडीच्या गर्दीच्या दिवशी हे काम ठेवू नये. मांदूरसारख्या ग्रामीण आरोग्य केंद्रातील पोस्टिंग यासाठी सोयीची असते, कारण तेथे रुग्ण थोडा वेळ बसू शकतो आणि विद्यार्थी कमी असतात. प्रत्येक कौशल्यासाठी हे करण्याची गरज नाही. एका पोस्टिंगमध्ये दोन कामे निवडली तरी पुरे. रुग्णाला मात्र आधी सांगावे, की विद्यार्थी शिकत आहे आणि तपासणीला थोडा जास्त वेळ लागेल; त्याने नको म्हटले, तर दुसरा रुग्ण पाहावा.

लॉगबुकात स्वतंत्र रकाना मिळेपर्यंत अभिप्रायाच्या सहीच्या बाजूला, समासात, दोन आकडे लिहावेत: डावीकडे आपला, उजवीकडे शिक्षकांचा. त्याखाली ‘पुढच्या वेळी काय बदलेन’ याचे एकच वाक्य, आणि तेही करता येण्याजोगे. ‘अधिक काळजी घेईन’ हे वाक्य चालणार नाही. ‘बाही काढल्याशिवाय कफ हातात घेणार नाही’ हे चालेल. पुढचा कागद भरण्याआधी मागचे वाक्य मोठ्याने वाचावे आणि मगच रुग्णाकडे जावे.

साडेचार वर्षांनंतर इंटर्नशिपचे बारा महिने सुरू होतात आणि रात्री कॅज्युअल्टीत शेजारी कागद घेऊन बसलेले शिक्षक नसतात. तेव्हा वीस गुणांचा तक्ता भरणे शक्य नसते आणि त्याची गरजही नसते. माझ्या इंटर्नना मी खिशातल्या वहीत प्रत्येक ड्यूटीची एकच ओळ लिहायला सांगतो: आज मी कुठे थांबलो आणि कोणाला विचारले. सकाळी राउंडआधी ती ओळ वरिष्ठांना दाखवावी. त्यांनी तिच्यापुढे ‘योग्य थांबला’, ‘आधी थांबायला हवे होते’ किंवा ‘थांबण्याची गरज नव्हती’ यांपैकी एक शेरा लिहून तारीख घालावी. सलग चार ड्यूट्यांत एकही ओळ नसेल, तर वरिष्ठांनी त्या इंटर्नबरोबर पुढच्या एका रुग्णाजवळ पंधरा मिनिटे बसावे आणि पुन्हा दोन कागद भरावेत. ‘जोर’ या शब्दाने चकवलेला तो विद्यार्थी इंटर्न झाला, तेव्हा त्याच्या वहीतली पहिली ओळ होती: “आजीबाई ‘घुंवळ’ म्हणाल्या. अर्थ अंदाजाने न घेता सिस्टरना विचारला. चक्कर.”